भाजीतले जावईबापू

मंडईत भाजी निवडणाऱ्या माणसाकडे पाहिलं, की देशात तज्ज्ञांचा तुटवडा आहे म्हणणारे कधी भाजी आणायला गेलेच नसावेत असं वाटतं. भेंडीचं शेपूट मोडून पाहिलं जातं, दुधीला नख लावलं जातं, गवारीची शेंग वाकवून तिचा ताठा तपासला जातो, मेथीची जुडी उलटी करून आत पिवळी पानं लपवलेली नाहीत ना याची झडती होते आणि एवढं सगळं झाल्यावर ‘कालची दिसतेय’ असा शेरा मारून पाच रुपये कमी केले जातात. या सगळ्या परीक्षांत तपासली जाते ती एकच गोष्ट, पाणी. भाजीचा ताठपणा म्हणजे तिच्या पेशींत भरलेल्या पाण्याचा दाब. तो उतरला की पान मान टाकतं आणि भाजीवाल्याने ओल्या गोणपाटाखाली ठेवून वर चार हबके मारले की बऱ्यापैकी सावरतं. ताठा असा परत येतो, गेलेली जीवनसत्त्वं येत नाहीत. म्हणजे आपण एवढ्या कसोशीने घेतलेल्या परीक्षेचा निकाल बराचसा भाजीवाल्याच्या बादलीवर अवलंबून असतो.

पास झालेली भाजी घरी येऊन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात जाते. तिथे काळ थांबतो, अशी आपली श्रद्धा आहे. रविवारी आणलेली मेथी गुरुवारी बाहेर काढली तरी ती ‘ताजी भाजी’च. त्याच घरात कुणी गावाकडून वाळवलेली गवार, हरभऱ्याचा सुका पाला किंवा वांग्याच्या खुला आणल्या, की मात्र सुशिक्षित भुवया वर जातात. ‘चवीला छानच हो, पण आता त्यात काय राहिलंय?’ प्रश्न रास्त आहे, फक्त तो चुकीच्या भाजीला विचारला जातो. वाळवणात काय उरत नाही हे जगाला कधीचं माहीत आहे आणि वाळवणानेही ते कधी लपवलेलं नाही. सुरकुतलेल्या गवारीकडे पाहून ती आज सकाळी तोडली असेल, असा कुणाचा गैरसमज होत नाही. चौकशी करायचीच तर ती फ्रिजमधल्या टवटवीत दिसणाऱ्या मेथीची करावी आणि तिच्यानंतर चकचकीत पाकिटातल्या हिरव्या पावडरीची.

भाजीतली सगळी जीवनसत्त्वं एका स्वभावाची नसतात, ही या चौकशीतली पहिली अडचण. लोह आणि कॅल्शियम तर जीवनसत्त्वं नव्हेतच; ती खनिजं. भाजी उकडून पाणी मोरीत ओतलं तर त्यांतली थोडी वाहून जातात, एरवी जाणार कुठे? नियासिन असंच सोशिक. तापवा, वाळवा, डब्यात कोंबा, निमूट पडून असतं. ज्याच्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं ते बीटा-कॅरोटीन ऊन आणि हवेला बिचकतं, पण एकदम घर सोडत नाही. ‘क’ जीवनसत्त्व म्हणजे मात्र जुन्या वळणाचे जावईबापू. उष्णता लागली, रुसले. हवा लागली, रुसले. भाजी धुवायला पाण्यात बुडवून ठेवली, पाण्याबरोबर चालते झाले. भाजी चिरली तर विचारायलाच नको, कारण पानाच्या पेशीत हे एकीकडे आणि यांचा नाश करणारं एन्झाइम दुसरीकडे असं निसर्गानेच राखलेलं अंतर सुरीमुळे मोडतं आणि दोघांची समोरासमोर गाठ पडते. तांब्याशी तर उभा दावा. तांब्याचे नुसते अंश लागले तरी ‘क’चं ऑक्सिडीकरण भराभर होतं. अधिक महिन्यात जावयाला ताम्हनात घालून ३३ अनारसे द्यायची आपली रीत. या जावयाला अनारशांच्या आधी ताम्हनच सोसत नाही. अशा नाजूक प्रकृतीच्या पाहुण्याची भाजीत किती बडदास्त राखली गेली, यावरून शास्त्रज्ञ भाजीच्या एकूण हालांचा अंदाज बांधतात. ‘क’ टिकलं असेल तर बाकीची मंडळी बहुधा ठीकच असणार.

आता मेथीचा प्रवास पाहू. तोडलेली भाजी मेलेली नसते. ती श्वास घेत राहते, साठवलेली साखर जाळते आणि ऊब सोडते. गच्च भरलेल्या पोत्याच्या मधोमध हात घातला की ही ऊब हाताला लागते. बाहेरच्या जुड्या गार आणि आतल्या तापलेल्या. नारायणगावच्या बाजारातून निघालेली जुडी रात्रभर ट्रकमध्ये असते, पहाटे वाशीला उतरते, उजाडल्यावर उपनगरातल्या हातगाडीवर चढते आणि आपण तिला ‘ताजी आहे ना?’ विचारतो तोवर तिचा निम्मा महाराष्ट्र पाहून झालेला असतो. पालकाची मोजमापं सांगतात, की तो बाहेरच्या उष्णतेत राहिला तर त्यातलं बहुतेक ‘क’ काही दिवसांत संपतं आणि फ्रिजमध्येसुद्धा आठवड्याभरात निम्म्याहून अधिक जाऊ शकतं. फ्रिज ही गळती हळू करतो, बंद करत नाही. त्यात आणखी एक गंमत आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दुकानातल्यासारख्या सततच्या उजेडात थंड ठेवलेला पालक अंधारात ठेवलेल्या पालकापेक्षा ‘क’ आणि फोलेटच्या बाबतीत सरस निघाला, कारण जिवंत पान उजेड मिळाला की आपला कारखाना थोडाफार चालू ठेवतं. आपल्या फ्रिजचा दिवा दार उघडलं तरच लागतो. दर तासाला ‘काही खायला आहे का’ म्हणून दार उघडून उभ्या राहणाऱ्या मुलांना ओरडू नये, असं यावरून वाटेल. पण तेवढा उजेड पालकाला पुरत नाही आणि आतली थंडी मात्र जाते.

बटाट्याची गोष्ट याहून सज्जनपणाची, पण तीही कलंकरहित नाही. नव्या बटाट्यात १०० ग्रॅममागे साधारण ३० मिलिग्रॅम ‘क’ असतं आणि सहा-सात महिने साठवल्यावर ते दहाच्या आसपास येतं, असं ब्रिटनच्या जुन्या तक्त्यांत नोंदलेलं आहे. आपल्याकडे वर्षभर मिळणारा बटाटा बऱ्याचदा शीतगृहात काही महिने मुक्काम करून आलेला असतो. त्याला कुणी शिळा म्हणत नाही. याउलट मटार जानेवारीत सोलून, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घालून, लगेच गार पाण्यात काढून फ्रीझरमध्ये टाकला, की त्याला नाक मुरडलं जातं. वास्तविक त्या उकळत्या पाण्यात ‘क’चा काही भाग जातो हे खरं, पण नासधूस करणारी एन्झाइमं तिथेच मरतात आणि पुढे गोठलेल्या अवस्थेत उरलेलं पुष्कळ काळ टिकून राहतं. आठवडाभर वाटेत आणि कप्प्यात घालवलेल्या ‘ताज्या’ शेंगेपेक्षा असा मटार पुढे असू शकतो. पण बर्फात ठेवलेल्या गोष्टीला ताजी म्हणायला आपली जीभ वळत नाही. फ्रिजच्या खालच्या कप्प्यातल्या गोष्टीला मात्र वळते. दोन कप्प्यांत अंतर दीड फुटाचं.

घरात भाजी संपण्याचा क्रम पाहिला तर हसावं की रडावं कळत नाही. आठवड्याची भाजी आली की पहिल्या दिवशी बटाटा होतो, कारण तो सगळ्यांना आवडतो आणि त्याला निवडायला बसावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी फ्लॉवर, तिसऱ्या दिवशी कोबी, मग पुन्हा कुठल्याशा निमित्ताने बटाटा. मेथी, पालक, चवळई मात्र ‘उद्या निवडू’ म्हणून कागदात गुंडाळून मागे मागे सरकत जातात. ज्याला महिनोन्महिने धीर धरता येतो तो आधी खाल्ला जातो आणि जिचं आयुष्य दिवसांत मोजायचं ती शेवटी. लाल भोपळा तर अख्खा असेपर्यंत कितीतरी आठवडे कोपऱ्यात बसून राहतो, काही जातींत त्याचं कॅरोटीन साठवणीत वाढतंसुद्धा; पण त्याची फोड आणली की ‘वाया जाईल हो’ म्हणून तीच आधी संपवली जाते. नोकरी सांभाळून रोज मंडईत कोण जाणार, हा आक्षेप इथे येतो आणि तो खोटा नाही. पण यासाठी रोज मंडईत जायची गरजच नाही. आठवड्याचीच भाजी आणा, नुसता क्रम उलटा करा: पाला आधी, कोबी-गाजर मागून, बटाटा-भोपळा सर्वांत शेवटी. हे जमत नाही, याचं कारण वेळेचा अभाव हे सांगण्यापुरतं असतं. खरं कारण मेथी निवडायचा कंटाळा हे असतं आणि घरातले पुरुष सोफ्यावर बसून बातम्या पाहता पाहता जुडी निवडू शकतात, हा शोध अजून पुरेसा पसरलेला नाही.

आता वाळवणाकडे वळू. इथे आकडे फसवतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत हिरव्या मिरचीत १०० ग्रॅममागे १११ मिलिग्रॅम ‘क’ दिलं आहे आणि वाळलेल्या लाल मिरचीत ५०. वरवर पाहणारा म्हणेल, निम्मं टिकलं, वाईट काय? पण हिरवी मिरची बरीचशी पाणीच असते. १०० ग्रॅम वाळकी मिरची व्हायला ढोबळमानाने ६०० ग्रॅम ओली मिरची लागते आणि तिच्यात साडेसहाशेच्या वर मिलिग्रॅम होतं. हातात उरले ५०. याच मिरचीच्या कुळाने ‘क’ला जगात नाव मिळवून दिलं, हे आणखी विशेष. हंगेरीतल्या सेगेद इथे आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाला ‘क’ मुबलक हवं होतं आणि मिळत नव्हतं. एका रात्री पत्नीने जेवायला ओली पेपरिका वाढली. ती त्यांना खायची नव्हती, तसं तोंडावर म्हणायची हिंमतही नव्हती. म्हणून ‘ही तपासायची राहिलीय’ असा विचार करून ते ती प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि मध्यरात्रीच्या सुमारास ती ‘क’ने भरलेली निघाली. हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. ताटातली भाजी टाळणाऱ्या नवऱ्यांचा एवढा मोठा सन्मान त्यानंतर झालेला नाही.

शंभर ग्रॅमची ही जादू सर्वांत जोरात चालते ती शेवग्याच्या पाल्याच्या पावडरीत. ‘संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व, गाजराच्या कितीतरी पट अ, दुधाच्या सतरापट कॅल्शियम’ असा मजकूर पाकिटावर हिरव्या अक्षरांत असतो. यातली सतरापट कॅल्शियमची गोष्ट पावडरीची आहे. पाणी गेल्यावर खनिजं दाट होणारच. सातपट ‘क’ची गोष्ट मात्र ओल्या पानाची. जुन्या तक्त्यांत त्याचा आकडा २२० मिलिग्रॅम होता आणि २०१७च्या नव्या तक्त्यांत तोही साधारण निम्म्यावर आला आहे. वाळवून दळलेल्या पानाचा सर्वत्र उद्धृत होणारा आकडा १०० ग्रॅममागे सुमारे १७ मिलिग्रॅम एवढाच. म्हणजे पाकिटावर एका अवस्थेतलं कॅल्शियम आणि दुसऱ्या अवस्थेतलं ‘क’ यांचं लग्न लावलेलं असतं आणि त्या दोघांनी आयुष्यात एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसतं. शिवाय पावडर शंभर ग्रॅम कोण खातो? चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम. त्यातून एक मिलिग्रॅमही ‘क’ मिळत नाही. प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम लागतं, असं आपल्याकडची २०२०ची शिफारस सांगते. त्या हिशेबाने ८० हून अधिक चमचे पावडर. लिंबाची एक फोड पिळली तर चमचाभर पावडरीपेक्षा जास्त ‘क’ सहज पडतं आणि लिंबावर काहीही छापलेलं नसतं. एवढं सारं दारात उभ्या असलेल्या शेवग्याचा पाला तोडायला आळस आला म्हणून.

‘आमच्या आजीच्या काळी लोक वाळवणं खाऊनच धडधाकट होते’ हा यावरचा ठेवणीतला आक्षेप. आजीचा आदर राखून सांगायचं, तर आजीने ‘क’साठी वाळवणावर कधीच भिस्त ठेवली नव्हती. तिच्या ताटात कोपऱ्यात लिंबाची फोड होती, बुक्कीने फोडलेला कांदा होता, चैत्रात कैरी होती, पावसाळ्यात टाकळा-फोडशीसारख्या रानभाज्या होत्या. गवारीचं वाळवण होतं ते चवीला आणि अडीअडचणीला. ज्यांनी वाळक्यावरच भिस्त ठेवली त्यांचं काय झालं, याचा मात्र इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हंगेरीत ऑस्ट्रियाच्या फौजेत स्कर्व्हीने, म्हणजे ‘क’च्या अभावाने, हिरड्या सुजून माणसं मरू लागली, तेव्हा लष्करी वैद्य क्रेमर यांनी व्हिएन्नाकडे मदत मागितली. तिथल्या विद्वानांनी तत्परतेने औषधी पाला पाठवला, पण वाळवून. उपयोग शून्य. पुढे १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने १२ आजारी खलाशांवर प्रयोग करून संत्री-लिंबांचा गुण सिद्ध केला आणि नंतर, रस बोटीवर टिकावा म्हणून तो मंद आचेवर आटवून घट्ट करायची शिफारस केली. आटवताना ‘क’ गेलं, साठवताना आणखी गेलं. ज्याने शोध लावला त्यानेच त्याचा काढा केला. अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिकांना दाबून वड्या केलेल्या वाळक्या भाज्या याच आशेने दिल्या गेल्या. सैनिकांनी त्या वड्यांना ठेवलेली नावं फारशी भाविक नव्हती.

आपल्याशी थेट संबंध असलेलं उदाहरण कूतचं. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात इराकमधल्या कूत इथे सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. भारतीय जवानांच्या शिध्यात आटा होता, म्हणून गोऱ्या शिपायांना झालेला बेरीबेरी त्यांना फारसा झाला नाही; पण ताजं काही नव्हतं, म्हणून स्कर्व्हीने त्यांना गाठलं. त्याच सुमारास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया नेमका हाच प्रश्न सोडवत होत्या आणि त्यांना जे सापडलं ते ऐकून कुठलीही मराठी गृहिणी म्हणेल, ‘एवढंच ना?’ कोरड्या कडधान्यात ‘क’ जवळजवळ नसतं, पण भिजवून मोड आणले की ते नव्याने तयार होतं. १९१८मध्ये सर्बियन सैनिकांवर मोड आलेल्या घेवड्याचा प्रयोग झाला आणि तो लिंबाच्या रसाच्या तोडीस तोड ठरला. इथे जावईबापूंचा स्वभाव ओळखून केलेली सोय दिसते: वाळवणात त्यांना टिकवून धरायचा आटापिटाच नाही, हवे तेव्हा दोन दिवस आधी ओल्या फडक्याचं आमंत्रण द्यायचं. अट एकच, कडधान्य अख्खं हवं. डाळीला मोड येत नाहीत. उसळ शिजवताना त्यातलं काही जातं, म्हणून मूठभर मटकी कच्चीच, कांदा आणि लिंबाबरोबर. मिसळीवर तर्री ओतणाऱ्याला हे सांगण्यात अर्थ नाही, तो वेगळ्याच कारणासाठी आलेला असतो.

मग वाळवण करूच नये का? असं म्हणणाऱ्याने एकदा सांडगी मिरची तळून दहीभाताबरोबर खावी आणि मग बोलावं. वाळवणातून ‘क’ वजा केलं तरी लोह, तंतू, कॅल्शियम आणि कॅरोटीनचा बराच भाग उरतो, पुष्कळदा दाट होऊन उरतो. त्यातही करण्यावर बरंच अवलंबून आहे. कडक उन्हात गच्चीवर पसरलेली मेथी गवताच्या रंगाची होते आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवलेली हिरवी राहते. ज्या उन्हाने हिरवा रंग उडवला त्यानेच कॅरोटीनचाही घास घेतलेला असतो, म्हणून रंग हा इथला बऱ्यापैकी खरा साक्षीदार. पाला आधी क्षणभर उकळत्या पाण्यातून काढला तर कॅरोटीन अधिक टिकतं, फक्त ‘क’ पाण्यात जातं, पण ते नाही तरी जाणारच होतं. वाळल्यावर काचेच्या पारदर्शक बरणीत भरून खिडकीत शोभेला ठेवू नये, कारण हवा-उजेडात उरलेलंही झिजत राहतं. जुन्या घरातल्या अंधाऱ्या फडताळात ठेवलेला घट्ट झाकणाचा डबा या बाबतीत आधुनिक स्वयंपाकघराच्या कितीतरी पुढे होता. आणि कॅरोटीन अंगी लागायला तेल-तूप लागतं, त्यामुळे वाळल्या भाजीला दिलेली सढळ फोडणी तेवढ्यापुरती शास्त्रशुद्ध ठरते. डॉक्टरांना हे वाक्य दाखवू नये. उन्हाने फक्त नुकसानच होतं असंही नाही. अळिंबी उन्हात ठेवली तर तिच्यात ‘ड’ जीवनसत्त्व चक्क वाढतं. सगळ्या वाळवणात हा एकच पदार्थ काही कमावून परत येतो.

शेवटी एक पक्ष असा असतो, जो हे सगळं ऐकून म्हणतो, ‘गोळी घेतो ना, प्रश्न मिटला.’ ‘क’पुरता मिटतो, हे मान्य करायला हवं. पण मग मेथी कशासाठी आणली होती, हा प्रश्न तसाच कप्प्यात पडून राहतो, कारण ‘क’च्या गोळीत ना पाल्याचे तंतू, ना फोलेट, ना लोह. शिवाय गोळीच्या बाजूने बोलणारा माणूस बहुधा पेरूच्या गाडीवरून सरळ पुढे गेलेला असतो. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर ‘क’ असतं, म्हणजे अर्ध्या पेरूत दिवसाची बेगमी होते, आणि त्याला निवडावं, चिरून ठेवावं, शिजवावं लागत नाही. या फळाचं नशीबही असं, की ते साठवणुकीच्या फेऱ्यातून आपोआप सुटलं. फ्रिजमध्ये एक पेरू ठेवला की सकाळी दुधाला, लोण्याला आणि बर्फालासुद्धा पेरूचा वास येतो, त्यामुळे कुठलीही शहाणी बाई त्याला आत घेत नाही. आणला त्याच दिवशी सगळ्यांच्या हातावर एकेक फोड ठेवून तो संपवून टाकते.